बरणी क्रमांक एकेचाळीस

खानापूरच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या कपाटात,
खालून दुसऱ्या फळीवर, सापसुरळीच्या मागं
ही बरणी. चिठ्ठीवर एवढंच : "उंदीर. परदेशी."
अक्षर कुणाचं, ठाऊक नाही.
एकतीस वर्षं मीच तिच्यात स्पिरिट भरत आलो
आणि एकतीस वर्षं उंदीरच म्हणत आलो.

सवदत्ती मॅडम धारवाडहून बदलून आल्या,
त्यांनी बरणी खिडकीत धरली, तिरपी केली, गप्प राहिल्या.
मग म्हणाल्या, "मुतगेकर, इल्ली बर्री.
उंदराला अंगठा असतो का हो असा?"

बघितलं. होता.
मागच्या पायाला, बाकी बोटांपासून फटकून,
फांदी धरायला निघालेला,
फांदी सुटून शंभर वर्षं झाली तरी
तसाच.

झाकणावरची लाख चाकूला दाद देईना.
मी खिशातला अडकित्ता काढला.
"अडिके कत्तरी," त्या हसल्या.
"अडकित्ता," मी म्हटलं.
तेवढ्यात लाख तुटली,
आणि खोलीभर तो वास, ज्याला मी आता
वास म्हणत नाही.

दात मीच मोजले, सुईच्या टोकानं.
पन्नास.
उंदराला सोळा असतात, हे मला
पोरांच्या प्रॅक्टिकलमुळं पाठ.
पोटावर एक दुमड, पेराएवढी. पिशवी.
म्हणजे ही आई होती, किंवा व्हायची होती.

मॅडम पुस्तक उघडून सांगत राहिल्या :
चिलीच्या थंड रानातलं हे. बांबूच्या पानांचं घरटं करतं,
शेपटीच्या मुळाशी चरबी साठवतं, हिवाळा झोपून काढतं.
तिकडचे लोक म्हणतात, डोंगरातलं माकडुलं.
शहाण्यांनी आधी त्याला ओपॉसमांच्यात बसवलं,
आजूबाजूला तेच होते म्हणून.
मग कुणीतरी घोटा बघितला.

घोट्यात दोन हाडं एकमेकांवर टेकतात.
ओपॉसमांत ती दोन ठिकाणी टेकतात, मधे फट.
ह्याच्यात फट नाही, दोन्ही ठिकाणं मिळून एक.
असा घोटा कांगारूचा. कोआलाचा.
अख्ख्या समुद्रापलीकडच्यांचा.

"समुद्र नंतर आला," मॅडम म्हणाल्या.
"आधी जमीन सलग होती. दक्षिण ध्रुवावर झाडं होती."
कोण चालत गेलं, कोण मागं राहिलं, कोण परत फिरलं,
ह्यावर अजून भांडणं चालू आहेत म्हणे.

मला का कुणास ठाऊक, आमची सून आठवली.
साताऱ्याची. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी
बायको तिला म्हणाली, "बाजारात जातो मी,"
आणि पोरगी वळून बघायला लागली,
हे कोण बोललं?
आमच्याकडं बायका जातो म्हणतात, येतो म्हणतात,
कधीपासून, ते कुणी विचारलं नव्हतं.
मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "नम्मदू हागे.
आमचं क्रियापद 'मी'ला विचारतच नाही
तू बाई का बाप्या."
आणि पुन्हा भिंगाखाली वाकल्या.

रजिस्टरात तीन रकाने. नाव, कूळ, ठिकाण.
नाव लॅटिनात लिहिलं : ड्रोमिसिऑप्स.
कूळ लिहिलं, खोडलं, पेन्सिलीनं परत लिहिलं.
ठिकाण : चिली, आणि पुढं प्रश्नचिन्ह,
कारण तिथून इथं कुणी आणलं?
कॅम्पातल्या एखाद्या गोऱ्या डॉक्टरनं?
का कुणी पत्त्यात हरलं ह्याला बोटीवर?
मलप्रभेकाठी हे एकटंच, दुसरं कुणी नाही
ज्याला विचारावं.

डाव्या घोट्याची दोन हाडं मी होमिओपॅथीच्या
रिकाम्या बाटलीत ठेवली : एकेचाळीस-अ.
जुनी चिठ्ठी टाकली नाही. बरणीखाली घडी घालून ठेवली.
चुकीची होती, पण तिनंच
इतकी वर्षं जागा धरून ठेवली होती.

कुलूप लावून घरी आलो.
ताट झाकलेलं. आतून बायको म्हणाली,
"आमटी गरम करून घ्या.
मी जरा पडतो."